यजमान

नमुना आला तेव्हा रात्रीचे सव्वादोन.
नळीत पाठीच्या कण्यातलं पाणी.
ते निवळशंख असायला हवं,
होतं तांदळाच्या धुवणासारखं.
चिठ्ठीवर: खिएम, वय एक्कावन्न, थाय बिन्ह प्रांत.
ताप. मान ताठ. बरळतो.
आणि खाली, दुसऱ्या पेनाने:
वडिलांचं वर्षश्राद्ध, रक्ताचं ताट.

पुढचं विचारावं लागलं नाही.
हनोईत काय, खेड्यात काय, ते ताट सगळ्यांना ठाऊक.
पहाटे कापलेल्या डुकराचं कच्चं रक्त
माशाच्या खारात थिजवलेलं,
वर भाजलेले शेंगदाणे, हिरवा पाला, लिंबू.
लाल म्हणजे नशीब.
म्हणून पहिला घास घरच्याच माणसाचा.

काच रंगवली.
जांभळे मणी, दोन दोन, कुठे चार,
दोरा तुटून सांडल्यासारखे.

मी हे कुणाला सांगत नाही, ऐकणारा जांभई देतो,
पण या मण्याला डोळे नाहीत, कान नाहीत,
वाससुद्धा आपल्यासारखा येत नसावा.
त्याच्याजवळ फक्त चाचपणं.
अंगावर एक प्रथिन, बोटासारखं पुढे काढलेलं,
बोटाच्या टोकाला खळगा,
खळग्यात बसतात नेमक्या दोन साखरा,
गॅलॅक्टोजला जोडलेलं गॅलॅक्टोज,
तेही एका ठरावीक कोनात वळलेलं.
कोन चुकला की पुढचं घर.
रात्री दिवे गेल्यावर आपण नाही का
कडीच्या वाकावरून आपलंच दार ओळखत?

पेशीच्या अंगावर साखरेचं रान असतं.
त्या गर्दीत ही जोडी सापडली
की तो थांबतो. मग दुसरा. मग माळ.
एकाची पकड सैलच असते,
हजारांची सुटत नाही.

डुकराच्या घशात हीच कडी.
तिथे तो वर्षानुवर्षं गप्प राहतो,
पिल्लं दूध पितात, लठ्ठ होतात, कुणाला पत्ता नाही.
माणसालाही निसर्गाने तीच कडी लावून दिली,
कशासाठी, ते नीटसं कुणाला सांगता येत नाही.
त्याच्यासाठी तर नव्हतीच.
म्हणतात, फार विरळा अशीही माणसं असतात
ज्यांच्या पेशींवर ही जोडी नसतेच.
मी अजून एकही पाहिलेला नाही.

पुस्तकात हिचं नाव यजमान पेशी.
शिकत असताना मी त्या शब्दाला हसले होते.
ज्याला बोलावलं नाही, त्याच्या नावाने
आपण यजमान कसे होतो?

दोन वाजून पन्नास मिनिटांनी वर फोन केला.
डॉक्टर ल्वान म्हणाल्या, "सुरू केलंय कधीच,"
आणि ठेवला.

सतरा दिवसांनी खिडकीशी एक बाई.
चपलांना गावची माती, हातात उसाच्या रसाची पिशवी,
तोंड रबराने बांधलेलं, नळी खोचलेली.
"आमच्या यजमानांचे कागद हवेत."
ते मागे बाकावर बसलेले, दाढी केलेली,
शर्ट नवा, घड्या न मोडलेला.
जीव राहिला होता, दोन्ही कान गेले होते.

शिक्का मारेपर्यंत मी पाहत होते.
ती त्याच्या शेजारी बसली,
त्याचा तळवा मांडीवर उघडला
आणि बोटाने एकेक अक्षर काढू लागली.
तो वर छताकडे बघत वाचत होता.
एका अक्षराशी अडला.
तिने पुन्हा काढलं, अंमळ दाबून.
मग हातात रस दिला.

"गोड आहे!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला
की अख्खा व्हरांडा वळला.
न्हान — तिचं नाव कागदावर होतं —
तिने तळव्यावर काहीतरी लिहिलं,
बहुतेक हळू बोला असं,
आणि तो तितक्याच मोठ्याने म्हणाला,
"काय? पुन्हा लिही."