रकाना सात

सूस खिंडीच्या वर, आखणीच्या खुंट्यांमधून
मी फॉर्म भरत चाललो होतो:
झाडं तेवीस, पक्षी अकरा,
रकाना सात, उभयचर: निरंक.

यमाजी कोकरे शेळ्या सोडून आला.
म्हणाला, साहेब, लिहायच्या आधी
हा एवढा दगड उलथा की.

उलथला.
खाली ओल. जांभळट, कड्याकड्यांची,
करंगळीहून बारीक एक आई
अंड्यांभोवती वेटोळं घालून.
डोळे कातडीखाली गेलेले;
उजेड तिला कळला असेल
पाठ कोरडी पडू लागली तेव्हा.

गांडूळ?
"देवगांडूळ. ह्याला हाडं असत्यात.
आमच्यात मारत नाहीत."
मग खुंट्यांकडे बघून,
"आमच्यात रस्तेबी करत नाहीत."

दगड होता तसा ठेवला.
म्हणजे जवळपास तसा.
एका अंगानं बोटभर फट राहिली,
ती यमाजीनं मातीनं लिंपली,
चुलीची चीर लिंपावी तशी.

खाली पुणं दिवे लावत होतं.
निरंकवर आडवी रेघ ओढली,
बाजूला लिहिलं: एक.

मग अंडी आठवली.
मोजली नव्हती.