हातचे राखून

डडलीच्या औद्योगिक वसाहतीत, टायरवाल्याच्या मागे
माझी शेड आहे. दोन ट्यूबलाइट, एक हीटर.
हीटर लावला की ट्यूबलाइट मिणमिणतात.
फेब्रुवारीत येणाऱ्या गाड्या रस्त्यावरचं मीठ खाऊन आलेल्या,
आणि खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या:
चाकांच्या कमानीत गंज फुलतो.

मिसेस हॅडलींची फिएस्टा निळी, नऊ वर्षांची.
बाई शाळेच्या स्वयंपाकघरात असतात,
कोटाला ग्रेव्हीचा वास येतो हे त्यांना ठाऊक आहे,
म्हणून दारातूनच विचारतात,
एका हाताचे किती आणि तीन हातांचे किती?

मी बॉनेटवर टॉर्च धरतो.
निळ्यात गोल गोल ओरखडे, कोळ्याने विणावेत तसे.
विणले मात्र ब्रशवाल्या धुलाईने, दर शनिवारी, सहा पौंडांत.
"हे रोज होतं इथे?"
होतं. उन्हात दिसतं.
आणि डडलीत ऊन ते किती.

तीन हात म्हणजे आधी लोकरीचं पॅड, कापणारी पेस्ट,
मग फोमचं, मग त्याहून मऊ फोमचं.
दोन दिवस, सहाशे पौंड,
शेवटी बॉनेटमध्ये स्वतःच्या पापण्या मोजून घ्या.
एक हात म्हणजे एक पॅड, एक पेस्ट, एक दुपार, एकशे ऐंशी.
दहातले सहा ओरखडे जातात,
उरलेले चार आपल्याबरोबर म्हातारे होतात.

माझा भागीदार ग्लिन म्हणतो, तीनच विकत जा.
त्याचं चूक नाही. एकेक हात मारून भाडं निघत नाही.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र टेकवलं.
बॉनेट सत्त्याण्णव मायक्रॉन. छत एकशे दोन. उजवं दार अठ्ठ्याण्णव.
डावं मागचं दार
चारशे बारा.
पुसून पुन्हा टेकवलं. चारशे नऊ.

"जास्त म्हणजे चांगलंच ना?"
मला गप्प बसता आलं असतं,
पण यंत्र मीच कौतुकाने त्यांच्या हातात दिलं होतं.
म्हणालो, आत पुट्टी आहे. दार कधीतरी ठोकलेलं, भरून रंगवलेलं.
"शक्यच नाही. गाडी नवी घेतली. मीच चालवते."
मग थांबल्या.
"कीरनने एकदा नेली होती. लीड्सला, चार दिवस.
आणली ती चक्क धुऊन. मी म्हटलं, पोरगं शहाणं झालं."
हीटरजवळच्या स्टुलावर बसल्या. हसू आवरेना.
"त्याच महिन्यात गिटार विकली त्याने.
म्हणाला, आवड गेली."

आमच्या कराडात कल्हईवाला यायचा,
नवसागराचा धूर, कापसाचा एक फेरा, पातेलं चांदीचं.
कल्हई उडते, पुन्हा लागते.
गाडीचा वरचा थर तसला नाही.
घासला तेवढा पांढरी भुकटी होऊन पॅडवर येतो
आणि पॅड मी नळाखाली धुतो.

म्हणून म्हणालो, ही रोजची गाडी.
शनिवारी पुन्हा ब्रशखाली जाणार, नाही म्हणू नका.
तीन हात मारले तर आज आरसा,
पुढे कधी खरंच लागलं तर मारायला थर नाही.
एक मारू. हातचे थोडे राहू देत.

"आणि ते दार?"
चारशेतली पुट्टी किती आणि रंग किती,
हे यंत्रालाही कळत नाही, मी म्हणालो. जपून, एकदाच.
"नको," बाई म्हणाल्या.
"त्याला हात लावू नका."

संध्याकाळी गाडी बाहेर काढली.
तीन दारं आता एका निळ्याची, चौथं किंचित वेगळं,
सांगितल्याशिवाय दिसणार नाही इतकंच.
ग्लिनने वही उघडून विचारलं, किती हात?
एक, मी म्हटलं. एक दार वजा.
त्याने पंधरा पौंड कमी लिहिले,
कारण विचारलं नाही.