फुगवटा

नाशकात समुद्र नाही.
गोदावरी तर जवळच्या समुद्राला
पाठ दाखवून लांबचा गाठायला निघते.
हे सगळं देवरे मॅडमना सांगून झालं होतं.

तरी अंबडच्या शेडमध्ये मी त्यांच्यासाठी
बारा फुटी रबरी नळी भाजली,
दोन्ही तोंडं बंद, पोटात पाणी,
शेपटीला टीचभर टर्बाइन आणि एक लाल दिवा.
लाट आली की अंगातून फुगवटा सरकेल, म्हणाल्या,
लोखंडासारखं भांडायचं नाही लाटेशी,
तिच्याच चालीनं चालायचं.

गंगापूर धरणावर वारा पडलेला.
पाणी ताटात वाढल्यासारखं.
मी पाय आपटले, निंबानं ट्यूब आदळली,
दिवा ढिम्म.

मग कुणाची तरी म्हैस
कुणालाही न विचारता पाण्यात उतरली,
बसली.

नळी शहारली.
दिवा लागला, विझला, लागला.

मॅडमनी वहीत वेळ टिपली.
'लाट कशामुळे' या रकान्यात
बराच वेळ पेन टेकवून
'इतर' असं लिहिलं.

परतताना टेम्पोत
नळी आमच्या मांड्यांवर, अजून ओली.
गंगापूर रोडच्या प्रत्येक खड्ड्याला
दिवा लागत होता.