चौदा दिवस फुकट

सोहार. रात्रीचे साडेअकरा. एसीचं पाणी
बादलीत ठिबकतंय.
एकतीस मुलाखती, तीन सॉफ्टवेअर,
तिन्ही चौदा दिवस फुकट.

पहिल्याला देवनागरी झेपत नाही.
‘पासपोर्ट’चा रफार निखळून
खालच्या ओळीत पडतो.

दुसरं शब्द मोजतं.
दिलावर पारकर, हर्णैचा,
बंदरातल्या क्रेनवर नऊ वर्षं,
‘बरा हाय’ एकोणीस वेळा म्हणाला;
पडद्यावर हिरवा फुगा, हा एवढा:
समाधानी.

मी विचारलं होतं, घरी कधी जाणार?
टेपवर अकरा सेकंद नुसता पंखा.
मग, बरा हाय.

तिसरं महाग. विभागप्रमुख बाई
नाक मुरडतील, अर्ज परत येईल.
पण त्यात ओळीला आवाज बांधता येतो.
शब्दावर बोट ठेवलं की माणूस बोलतो.
शब्द नसले, तर पंखा.

त्या अकरा सेकंदांना कोड द्यायला बसले.
‘विरह’ लिहिलं. खोडलं.
‘कर्ज’. तेही खोडलं, त्याने कुठे सांगितलंय?
चौकट रिकामी ठेवून
जतन केलं.

तीन दिवस उरले, ते आठवण करतं.
पैसे आता भरता?

पगार पंचवीसला.