गालाच्या आतून

बेझदानला दान्यूबच्या काठावर एक पट्टी रोवलेली आहे.
तिच्यावरचा आकडा रोज सकाळी सातला वहीत उतरवायचा,
ही माझी नोकरी. बावीस वर्षं.
नदीचं पाणी किती, हे मी सगळ्यांना कळवतो.
माझ्या पाण्याचं कुणाला सांगितलं नव्हतं.

शाळेत पोरं भिंतीशी रांगेने उभी राहायची,
नेम धरायची, खिदळायची.
मी कडी लावून बसायचो.
सैन्यात पोट बिघडल्याचं सोंग वर्षभर पुरवलं.
हगरा लुबिसाव, म्हणायचे. म्हणोत.
त्या नावाच्या आडोशाला बरं होतं.

भोक टोकाला नाही, खाली. इतकंच.
घाईत मारलेली शिवण.
आईला माहीत होतं. न्हाऊ घालताना
तिचा हात क्षणभर थांबायचा,
मग भराभर साबण.

बेलग्रेडच्या डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलने काढून दाखवलं,
भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात:
इथून इथवर नळी नवी करू,
त्याला कातडी लागेल ओलसर, बिनकेसांची,
ती गालाच्या आतून घेऊ.
गालाच्या?
तोंड उघडा, त्या म्हणाल्या.

आठवडाभर सूप गार करून प्यायलो.
जीभ पुन्हा पुन्हा टाक्यांपाशी जायची,
पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी.
त्रेचाळीस वर्षं मूग गिळून बसलेल्या तोंडातून
शेवटी काहीतरी बाहेर काढलं होतं.

शेजारच्या खाटेवर मिलुतिन. मधमाश्या पाळतो. वय एकोणसाठ.
नातू झाला, म्हणाला, आधी त्याचं बघितलं. तो ठीक आहे.
मग म्हटलं, आता माझं बघू.
एवढं बोलून भिंतीकडे वळला,
आणि रात्रभर आमच्या दोन पिशव्या
खाटांच्या मधे लटकत राहिल्या,
भरत, न बोलता.

तीन आठवड्यांनी रबरी नळी निघाली.
देसांका दाराबाहेर टॉवेलची घडी घालत होती,
एकाच टॉवेलची, कितीतरी वेळ.
पहिली धार फाटली, फरशीवर, बुटावर,
मग सावरली.
किती? तिने बाहेरून विचारलं.
वाढतंय, मी म्हणालो,
सकाळी सातच्या आवाजात.

एक थेंब अजून जुन्या वाटेनेच येतो.
डॉक्टरीणबाई म्हणतात, वसंतात बघू.
येऊ दे.
जुनी ओळख आहे.