बारीक बुडबुडा

शिरोलीत हवा अशी, की काडी पेटत नव्हती.
हायवेवर पंचगंगा आलेली,
आरगॉनचा ट्रक किणीच्या टोलनाक्याला तीन दिवस उभा,
आणि आमच्याकडं शेवटचा एकच सिलिंडर,
काटा खाली खाली.

भट्टीतलं अॅल्युमिनियम सातशे तीसवर.
वरून बघाल तर आरशासारखं, गप्प.
इरगोंडा म्हणतो, गप्प असतंय त्याचंच जास्त भ्या.
हवेतल्या पाण्यातला हायड्रोजन ते पिऊन बसतं,
भंगारावरच्या दवातला, ओल्या पळीवरचा,
आणि गोठताना सोडायचा म्हटला
तर तोवर दार बंद.
मग आतल्या आत भोक.

त्यानं ग्रॅफाइटची नळी आधी भट्टीच्या ओठावर तापवली.
ओली नळी म्हणजे स्फोट,
हे सांगायला त्याच्या डाव्या मनगटावर
एक गुळगुळीत डाग आहे.
मग बुडवली. तळापर्यंत. सावकाश.
"व्हाल्व्ह बारीक सोड."
मी जरा जास्तच सोडला.
बचकन फुटलं, वरची साय फाटली.
"पिठलं शिजवायलास व्हय?
मोठा बुडबुडा नुसता वर पळतोय,
कुणालाच संगं घेत न्हाई."

अर्धा आटा मागं फिरवला.
आता फक्त थरथर,
म्हशीच्या पाठीवर माशी बसल्यावर होते तेवढी.

आरगॉन म्हणजे आळशी.
आयटीआयच्या वहीत मी खाली रेघ मारलेली:
कशाशीच जोडला जात नाही.
आज बघत होतो त्या आळशाचं काम.
तळातून निघायचं,
वाटेत भेटेल त्याचं ओझं उचलायचं,
वर येऊन नाहीसं व्हायचं.
ना सही, ना हजेरी.
सातव्या मिनिटाला काटा शून्यावर टेकला.
लागतात बारा.

नमुना पोकळीत गोठवला, करवतीनं कापला,
पॉलिशपेपरवर घासला.
कुंभोजेसाहेब भिंग शोधत होते तोवर
इरगोंडानं अंगठ्याचं नख फिरवलं.
"तीन."
"तीन चालतील की रे. माल अडलाय."

तो काही बोलला नाही.
ब्रेकचा भाग होता.
लगडीचे साचे ओढले, तापवले,
आणि सगळी भट्टी त्यांत ओतली,
दोनशे किलो, एका रात्रीची कमाई,
शेजारी शेजारी झोपवून ठेवली.

मग मला खडू दिला.
लिहिलं: गॅस आहे, परत वितळणे.
खडू दमट होता, उठेना.
म्हणाला, "गिरव."
दोनदा गिरवलं.