वाऱ्याकडे पाठ

मांढळच्या सातऱ्यावर
मी वजनं लिहिते.
देठ खुडलेल्या मिरचीचे किलो रकान्यात,
समासात, कोणी सांगितलं नसताना,
खोकले.

वच्छला पंधरा.
देवांगना आठ, मग मोजणं सुटलं.
यमुना बुरडे तीन दिवस आलीच नाही,
तिच्या जागी सून,
पदर डोळ्यांपर्यंत.

शेठ मालावर पाणी मारतो,
काट्यावर भरतं म्हणून.
फरशीवरच्या लाल धुळीला मात्र
पाणी महाग.

सोमवारी पारबता उठली.
मूठभर धूळ वर सोडली,
कुठे जाते ते बघत राहिली.
"धान उफणताना
कोंड्याच्या अंगानं कोणी बसते का व बाई?
मंग इथंच काऊन?"

समोरासमोरच्या रांगा मोडून
चाळीस बायांनी पोती ओढली,
एकच लांब ओळ, वाऱ्याकडे पाठ.
दोघींनी घरच्या बादल्या आणल्या,
फरशी भिजली.
शेठचा माणूस ओरडला.
पारबता देठ खुडत राहिली.

दुपारी वारा फिरला.
पुन्हा उठलो, पुन्हा बसलो.
चारला परत.

रात्री फोडणीत मिरची पडली
अन् मला ठसका लागला, थांबेना.
वही काढली. हजेरीत माझं नाव नाही.
समासात तळाशी
एक रेघ ओढली.

शेवटच्या पानावर लिहिलंय:
धूळ बाहेर फेकणारा पंखा.
मास्क, फडकं नाही.
वर्षातून एकदा छातीचा फोटो, शेठच्या खर्चानं.
एकोणचाळीस अंगठे झाले.
उद्या शाईची डबी घेऊन
यमुनाबाईच्या घरी जायचं आहे.